पाचवीचा प्रवेश : शाळा चांगली, की निवडलेली मुलं चांगली?

मूल चौथीत गेलं की अनेक घरांत एक विषय वर्षभर जेवणाच्या ताटावर असतो. पाचवीला कुठे घालायचं? आहे तीच शाळा ठेवायची, की त्या 'नामांकित' खासगी शाळेचा फॉर्म भरायचा? मग कुणी निकालाचा फलक दाखवतं, कुणी शेजारच्या मुलीचं उदाहरण देतं, कुणी म्हणतं, 'तिथे प्रवेश मिळाला की पुढची काळजी मिटली.'

या ब्लॉगवर आपण शिक्षणाच्या अर्थशास्त्रातलं संशोधन साध्या मराठीत समजून घेतो. 'कोणती शाळा निवडू?' याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते तुमच्या मुलावर आणि तुमच्या खिशावर अवलंबून आहे. पण 'शाळेकडे बघताना मी नक्की काय बघतोय?' या प्रश्नावर संशोधकांनी बरंच काम केलंय. त्यातलं जे पालकांच्या उपयोगाचं आहे, ते आज बघू. सोबत कायदा काय म्हणतो तेही, कारण या विषयात संशोधन आणि कायदा एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

पाचवीलाच हा घोळ का?

शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक मानतो. पण महाराष्ट्रातली जुनी घडी वेगळी आहे : पहिली ते चौथी प्राथमिक शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल. अनेक जुन्या संस्थांच्या प्राथमिक शाळा आजही चौथीलाच संपतात. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा एक मोठा गट पाचवीला शाळा बदलतो आणि खासगी शाळाही त्या वर्षी नव्या तुकड्या भरतात. त्यात सहावीला नवोदय आणि सैनिकी शाळांच्या प्रवेश परीक्षा असतात. म्हणजे चौथी-पाचवीतच घराघरांत स्पर्धा परीक्षेचं वातावरण तयार होतं.

दोन तालमींची गोष्ट

गावात दोन तालमी आहेत असं समजा. पहिल्या तालमीचा वस्ताद फक्त अशाच पोरांना घेतो, ज्यांनी जत्रेत आधीच दोन-चार कुस्त्या मारल्यात. दुसरा वस्ताद दारात येईल त्याला लंगोट बांधायला लावतो. वर्षअखेरीस पहिल्या तालमीकडे जास्त बक्षिसं दिसतात. आता सांगा, चांगला वस्ताद कोणता?

बक्षिसं मोजून हे कळणार नाही. त्यासाठी पोरगं तालमीत आलं तेव्हा कसं होतं आणि बाहेर पडलं तेव्हा कसं होतं, हे बघावं लागेल. शाळांचंही तेच. एका शाळेत मुलं येतानाच सरासरी ८५ गुणांची असतील आणि ८८ वर बाहेर पडत असतील, तर शाळेने ३ गुणांची भर घातली. दुसरीकडे मुलं ५० वर येऊन ७० वर बाहेर पडत असतील, तर तिथे २० गुणांची भर पडली. फलकावर मात्र ८८ आणि ७० एवढंच दिसतं, आणि गर्दी ८८ च्या दारात होते. (हे आकडे फक्त उदाहरणादाखल.)

संशोधनाच्या भाषेत पहिल्या गोष्टीला निवडीचा परिणाम म्हणतात आणि दुसरीला शाळेचं मूल्यवर्धन. पालक म्हणून तुम्ही फी भरता ती मूल्यवर्धनासाठी, पण जाहिरातीत दाखवला जातो तो बहुतेक वेळा निवडीचा परिणाम.

हे दोन वेगळे कसे करायचे?

इथे एक गंमतशीर युक्ती वापरली जाते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात काही सरकारी शाळा अशा आहेत की तिथे सातवीला निवड होऊनच प्रवेश मिळतो. बोस्टन लॅटिन स्कूल ही त्यातली सगळ्यात जुनी, १६३५ ची. या शाळांच्या प्रवेशासाठी शहरात प्रचंड चढाओढ असते. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स यांसारख्या शाळांचंही तेच.

अब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट आणि पाठक या तिघांनी २०१४ मध्ये या शाळांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यातले जोशुआ अँग्रिस्ट म्हणजे २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. निबंधाच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो 'अव्वल शाळांचा भास'. युक्ती अशी : समजा प्रवेशाची रेषा ७० गुणांवर पडली. ७१ वाला आत गेला, ६९ वाला बाहेर राहिला. या दोन मुलांत खरा फरक किती असतो? जवळपास नाहीच. एखादं उदाहरण चुकलं, एखाद्या प्रश्नाचा अंदाज बरोबर आला, एवढाच. म्हणजे रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं जवळजवळ सारखीच, फक्त शाळा वेगळी. पुढे काही वर्षांनी त्यांच्या गुणांत फरक पडला, तर तो शाळेमुळे पडला असं म्हणता येतं.

या मुलांच्या वर्गमित्रांत मोठा फरक होता. आत गेलेल्यांना कितीतरी हुशार सोबती मिळाले. पण पुढच्या परीक्षांच्या गुणांत मात्र फारसा फरक दिसला नाही.

याचा अर्थ त्या शाळा वाईट आहेत असा नाही. अर्थ एवढाच, की रेषेच्या जवळपास असलेल्या मुलासाठी दुसरी शाळा जवळपास तेवढीच चांगली ठरली. रेषेच्या खूप वर असलेल्या मुलांबद्दल या पद्धतीने काही सांगता येत नाही. शिवाय या शाळा सरकारी आणि बिनफीच्या आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याकडच्या खासगी शाळांना जसाच्या तसा चिकटवायचा नाही. त्यातून घ्यायचा तो प्रश्न : माझ्या मुलासाठी ही शाळा नक्की काय वेगळं करणार आहे?

उलटं उत्तर देणारा अभ्यास

एकच अभ्यास वाचून मत बनवायचं नसतं. पॉप-एलेकेस आणि उर्कियोला यांनी २०१३ मध्ये रुमानियातल्या माध्यमिक शाळांवर याच रेषेच्या युक्तीने काम केलं. तिथे मात्र वरच्या शाळेत गेलेल्या मुलांचे शालान्त परीक्षेचे गुण थोडे वाढलेले दिसले. म्हणजे वरच्या शाळेचा फायदा होऊ शकतो. सगळं काही भास नाही.

पण या दोघांनी मुलांच्या घरी काय होतं तेही विचारलं आणि तिथे दोन गोष्टी सापडल्या. पहिली, रेषेवरून जेमतेम आत गेलेली मुलं नव्या वर्गात स्वतःला कच्ची समजू लागतात, थोडी एकटी पडतात. दुसरी, मूल 'चांगल्या शाळेत' गेल्यावर पालक त्याच्या गृहपाठाकडे कमी लक्ष देऊ लागतात.

ही दुसरी गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. एवढी फी भरलीय, आता शाळा बघून घेईल, ही भावना अगदी स्वाभाविक आहे. पण मग शाळेने जे दिलं त्यातलं थोडं आपणच घरी काढून घेतो.

वर्गातला नंबर

'कच्चं वाटणं' हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. इंग्लंडमधल्या मुलांवर मर्फी आणि वाइनहार्ट यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अशी मुलं घेतली, ज्यांचे प्राथमिक शाळेतले गुण सारखे होते, पण आपापल्या वर्गातला नंबर वेगळा होता. ७५ गुणांचं मूल एका वर्गात तिसरं येतं, दुसऱ्या वर्गात पंधरावं. पुढे माध्यमिक शाळेत ज्यांचा आधीचा नंबर वरचा होता, त्यांनी जास्त चांगली प्रगती केली, जरी सुरुवातीचे गुण सारखेच होते. आत्मविश्वास हे त्यामागचं एक कारण असल्याचं त्यांना दिसलं.

म्हणून मूल आताच्या वर्गात पहिल्या तिघांत असेल आणि तुम्ही त्याला जिथे सगळेच आपापल्या वर्गातले पहिले-दुसरे असतील अशा ठिकाणी नेणार असाल, तर एक तयारी ठेवा. पहिल्या सहामाहीत नंबर घसरणार. तो अभ्यास घसरल्याचा पुरावा नसतो, रांग बदलल्याचा असतो. हे मुलाला आधीच सांगा, निकाल हातात आल्यावर नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्या देशातला या विषयावरचा एक महत्त्वाचा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा हा निबंध २०१५ चा. १८० गावांत ज्या पालकांनी खासगी शाळेसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता, त्यांच्यातून सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली, दोन्ही मुलांचे पालक सारखेच उत्सुक होते. फरक फक्त नशिबाचा. त्यामुळे तुलना स्वच्छ झाली.

चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या दोन्ही विषयांत दोन गटांमध्ये फरक नव्हता. मग खासगी शाळांनी काहीच केलं नाही का? तसंही नाही. वेळापत्रकं तपासल्यावर कळलं, की खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला सरकारी शाळांपेक्षा बराच कमी वेळ देत होत्या आणि तो वेळ इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, हिंदी यांना देत होत्या. कमी वेळात तेवढेच गुण आले आणि हिंदीत खासगी शाळेतली मुलं स्पष्टपणे पुढे होती. तेही सरकारी शाळेत दर मुलामागे होणाऱ्या खर्चाच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात.

या शाळा ग्रामीण, कमी फीच्या आणि प्राथमिक वर्गांच्या होत्या. पुण्या-मुंबईच्या लाखभर फी घेणाऱ्या शाळांबद्दल हा अभ्यास बोलत नाही. तरी त्यातून एक सवय घेण्यासारखी आहे : प्रवेशाआधी वेळापत्रक मागा. आठवड्याला गणिताचे तास किती, मराठीचे किती, वाचनालयाचा तास खरोखर होतो का. 'आम्ही रोबोटिक्स शिकवतो' असं शाळा म्हणाली, तर तो तास कशातून काढला हे विचारायला हरकत नाही.

याच अभ्यासात आणखी एक इशारा मिळतो, ठाम निष्कर्ष नाही. तेलुगूतून शिकवणाऱ्या खासगी शाळांत गेलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत गेलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला असावा, असं आकडे सुचवतात. मराठी माध्यमातून चौथी झालेल्या मुलाला पाचवीत एकदम पूर्ण इंग्रजी माध्यमात टाकताना हे लक्षात ठेवा. पाचवीत गणित अवघड होतं, अपूर्णांक येतात. त्याच वर्षी भाषाही बदलली, तर मुलाला अपूर्णांक कळला नाही की प्रश्न कळला नाही, हे कुणालाच समजत नाही. सेमी-इंग्रजीचा पर्याय असेल तर तो नीट बघा, 'मधलाच मार्ग' म्हणून झटकू नका.

आपण पालक नक्की काय निवडतो?

आता थोडं आपल्याकडे वळू. अब्दुलकादिरोलू, पाठक आणि त्यांच्या आणखी दोन सहकाऱ्यांनी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या पालकांनी भरलेल्या शाळांच्या पसंतीक्रमांचा अभ्यास केला. पालक शाळेचं मूल्यवर्धन बघून निवडतात, की तिथली मुलं बघून? उत्तर : तिथली मुलं बघून. वर्गमित्र कसे आहेत हे एकदा हिशोबात धरलं, की शाळा प्रत्यक्षात किती शिकवते याचा पसंतीवर वेगळा परिणाम उरत नव्हता.

यात पालकांना दोष देण्यासारखं नाही. मूल्यवर्धन डोळ्यांना दिसत नाही, गेटवर उभी असलेली मुलं दिसतात. पण सगळेच असं निवडू लागले, तर शाळेला चांगलं शिकवण्यापेक्षा चांगली मुलं निवडण्यात जास्त फायदा असतो. वस्तादाला शिकवायची गरजच उरत नाही. मग नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या, मुलाखती, आईवडिलांचं शिक्षण विचारणारे रकाने सुरू होतात.

इथे कायदा येतो

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं, की प्रवेश देताना कोणतीही शाळा देणगी घेऊ शकत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावू शकत नाही. 'चाळणी' म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यात आहे : यादृच्छिक पद्धत सोडून दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने एका मुलाला दुसऱ्यापेक्षा झुकतं माप देणं. सोप्या भाषेत, जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. ज्या सोडतीमुळे आंध्रातली तुलना स्वच्छ झाली, तीच सोडत कायदा न्याय म्हणून सांगतो.

हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पाचवी ते आठवीचे प्रवेश त्यात येतात. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात देणगीविरोधी कायदा तर १९८७ पासून आहे.

काही अपवाद माहीत असू द्या. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. नवोदय, केंद्रीय आणि सैनिकी शाळांना कायद्याने वेगळ्या वर्गात ठेवलंय. आणि ज्या २५ टक्के राखीव जागांबद्दल आपण ऐकतो, त्या शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच असतात, पाचवीत नव्याने मिळत नाहीत. तुमचं मूल आधीच त्या जागेवर शिकत असेल, तर आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे. पाचवीला खासगी शाळा बदलली, तर नवी शाळा तीच सवलत द्यायला बांधील नसते. हा हिशोब आधी करा.

प्रत्यक्षात काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. चाचणीला 'चाचणी' म्हणत नाहीत, 'मुलाशी गप्पा' म्हणतात. प्रवेश झाल्यावर मुलाची पातळी समजून घेण्यासाठी घेतलेली चाचणी वेगळी, त्यात चूक काही नाही. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी घेतलेली मात्र चाळणीच. फॉर्म भरण्याआधी एक साधा ईमेल पाठवा : 'अर्ज जागांपेक्षा जास्त आल्यास निवड कोणत्या पद्धतीने होते, कृपया कळवावे.' उत्तर आलं तरी माहिती मिळते, नाही आलं तरी मिळते. तक्रार करायची वेळ आलीच, तर शिक्षणाधिकारी कार्यालय आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग हे दोन दरवाजे आहेत. आपलंच मूल उद्या त्या शाळेत बसणार, म्हणून एकट्याने तक्रार करायला कुणी धजावत नाही. पाच-सहा पालकांनी मिळून अर्ज दिला, तर कुणा एकावर डोळा राहत नाही.

शाळेला विचारायचे प्रश्न

आता कामाची यादी. प्रत्येक प्रश्न निवड आणि मूल्यवर्धन वेगळं करण्यासाठी आहे.

१. यंदा दहावीला बसलेली तुकडी पाचवीत होती तेव्हा पटावर किती मुलं होती? आज किती आहेत? मधली कुठे गेली? शंभर टक्के निकाल दोन प्रकारे लागतो : सगळ्यांना शिकवून, किंवा कच्च्यांना नववीत वाटेला लावून. मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म खरं तर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी आहे, पण निकाल राखण्यासाठी कच्च्या मुलांना तो भरायला लावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. निकालाच्या टक्क्यापेक्षा हे दोन आकडे जास्त बोलतात.

२. पाचवी ते सातवीला गणित आणि भाषा शिकवणारे शिक्षक किती वर्षं इथे आहेत? दरवर्षी नवे चेहरे असतील तर इमारत कितीही चकाचक असो, शिकवणं दरवर्षी पहिल्यापासून सुरू होतं.

३. एखाद्या मुलाला भागाकार येत नाही असं पाचवीत लक्षात आलं, तर शाळा नेमकं काय करते? 'आम्ही पालकांना बोलावतो' हे अर्धंच उत्तर आहे.

४. वह्या बघायला मिळतील का? पहिल्या नंबरच्या मुलाची नको, मधल्या मुलाची. शिक्षकांचा लाल शेरा नुसता 'पाहिले' असा आहे, की चूक दाखवून मुलाकडून ती दुरुस्त करून घेतलीय?

५. वर्गातली किती मुलं बाहेर क्लासला जातात? हे शाळेला नाही, सुटण्याच्या वेळी गेटवर उभ्या असलेल्या पालकांना विचारा. सगळीच जात असतील, तर फलकावरच्या निकालातला क्लासचा वाटा किती, हे शाळेलाही सांगता येणार नाही.

६. मंजूर फी किती? महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून ठरवायची असते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. त्या मंजुरीचा कागद मागा. बस, गणवेश, पुस्तकं, सहली, 'उपक्रम' हे धरून दहावीपर्यंतच्या सहा वर्षांची बेरीज घरी मांडा. पहिल्या वर्षाची फी परवडणं आणि सहा वर्षं परवडणं यात फरक आहे. आठवीत फी झेपेना म्हणून शाळा सोडावी लागली, तर त्याचा त्रास मुलाला होतो.

७. मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे? यू-डायस क्रमांक काय? केंद्रीय मंडळाची शाळा असेल तर संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग जाहीर करतो, त्याही बघा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. जिथे पुढचे वर्ग नाहीत अशा शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा मुलाचा हक्क कायद्याने मान्य केलाय, पण तो विनाअनुदानित खासगी शाळेविरुद्ध वापरता येत नाही. त्यामुळे नव्या शाळेकडून प्रवेश लेखी मिळाल्याशिवाय आणि पावती हातात आल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका.

वर्गात कोण बसणार?

'तिथली मुलं चांगल्या घरची असतात' हे वाक्य प्रवेशाच्या गप्पांत हटकून येतं. त्यावरही एक अभ्यास आहे. दिल्लीत २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांना प्रवेश द्यावा लागला. गौतम राव यांनी २०१९ च्या निबंधात बघितलं, की यामुळे सधन घरांतल्या मुलांवर काय परिणाम झाला. ती मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, मदतीच्या कामात जास्त भाग घेऊ लागली. अभ्यासावरचा परिणाम फार छोटा होता, इंग्रजीत किंचित घट, एवढाच. 'सोबत' म्हणून आपण जे निवडतो, त्यात फक्त गुण मोजायचे नसतात.

प्रवेश नाही मिळाला तर

दहा वर्षांच्या मुलाला 'तुझी निवड झाली नाही' या वाक्याचा अर्थ 'तू कमी आहेस' असाच लागतो. आपण मोठे लोक मग सारवासारव करतो, 'ती शाळा तशी चांगली नव्हतीच.' मुलाला ते खोटं आहे हे कळतं, कारण कालपर्यंत आपणच त्या शाळेचं कौतुक करत होतो.

त्याऐवजी खरं सांगता येतं. जागा साठ होत्या आणि मुलं चारशे आली, तर साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलात फारसा फरक नसतो, आणि अशा दोन मुलांचं पुढे काय होतं हे बोस्टनसारख्या ठिकाणी लोकांनी मोजून बघितलंय. चिठ्ठी निघाली असेल, तर ते सांगणं आणखी सोपं : चिठ्ठीला हुशारी कळत नाही.

आणि प्रवेश मिळाला, तर रुमानियाच्या पालकांची आठवण ठेवा. फी भरून झाल्यावरही रोज संध्याकाळी वही उघडून 'आज काय कळलं नाही?' एवढं विचारायचं काम घरालाच करावं लागतं.